तिसऱ्यांदा दारातूनच परत. पेपर दुरुस्त करू की सोडून देऊ?

अर्धा_प्रबंध:

नमस्कार. इन्फर्मेशन सिस्टिम्समध्ये पीएचडी करते आहे, चौथं वर्ष. काल तिसऱ्या जर्नलनेही पेपर समीक्षकांकडे न पाठवताच परत केला. पहिल्या वेळी रडले होते. काल नुसता लॅपटॉप मिटला आणि भांडी घासायला गेले.

अभ्यास असा. एका मोठ्या रुग्णालयात नवी प्रणाली आली. औषध दिलं, ताप मोजला, सलाईन बदललं, की परिचारिकेने ते संगणकावर नोंदवायचं. ही प्रणाली त्या कशामुळे स्वीकारतात, हे मी टॅम (लोक नवं तंत्रज्ञान कशामुळे स्वीकारतात याचं डेव्हिसचं प्रारूप) घेऊन तपासलं. उपयुक्तता, वापरसुलभता आणि माझ्याकडून विश्वास व प्रशिक्षण हे दोन घटक. २१४ प्रश्नावल्या भरून आल्या. अल्फा (प्रश्न एकमेकांशी किती सुसंगत आहेत याचा आकडा) सगळे ०.८ च्या वर, विश्लेषण पीएलएस या संख्याशास्त्रीय पद्धतीने, सातपैकी सहा गृहीतकं टिकली. हरमनची चाचणीही पास, म्हणजे सगळी उत्तरं एकाच प्रश्नावलीतून घेतल्याने निकाल फुगलेत का, ते पाहणारी. माझ्या मते सगळं जागच्या जागी होतं.

पहिल्या संपादकांनी नवव्या दिवशी कळवलं, सैद्धांतिक भर दिसत नाही. दुसऱ्यांनी 'आमच्या कक्षेत बसत नाही'. तिसऱ्यांनी मात्र दोन ओळी लिहिल्या आणि त्या डोक्यातून जात नाहीयेत: डेव्हिसने १९८९ मध्ये सांगितलं त्याहून वेगळं तुम्ही काय सांगताय?

खरं सांगायचं तर मला उत्तर सुचलं नाही.

गाइड म्हणतात आणखी दोन घटक घालू, नमुना ४०० करू, आणि 'बास्केटमधल्या (आमच्या विषयातल्या अव्वल जर्नलांच्या यादीतल्या) आठांपैकी एकात आलाच पाहिजे'. पण त्या रुग्णालयात परत जायचं जिवावर आलंय. डेटासाठी आधीच खूप वणवण झाली. सर्व्हरचे लॉग मिळवण्यात चार महिने गेले, आणि हाती आल्यावर कळलं की काही उपयोगाचे नाहीत. अख्खा वॉर्ड एकाच लॉगिनवर चालतो, पासवर्ड मॉनिटरखाली चिकटवलेला, आणि नोंदी सगळ्या पाळी संपताना एकगठ्ठा पडलेल्या. शेवटी लॉग टाकून दिले आणि प्रश्नावलीवर भागवलं.

मधल्या काळात रोज मेल येतात: 'आदरणीय प्राध्यापक महोदय, ७२ तासांत स्वीकृती'. मी प्राध्यापक नाही आणि महोदय तर नाहीच नाही. तरी परवा एका मेलवर बोट जरा रेंगाळलं. काय करू?


कोरा_कागद:

आधी ते बोट उचला. ७२ तासांत समीक्षा होत नसते, वसुली होते. मी एकदा थकून असाच एक पेपर दिला होता. आठवड्याने शहाणपण सुचलं, परत मागितला, तर परत घेण्याचीही फी! तोवर तो त्यांच्या साइटवर चढलेला होता, म्हणजे दुसरीकडे पाठवायचा मार्ग बंद. वर्षभराचं काम गेलं. संपादक मंडळातली चार नावं घ्या आणि त्यांच्या विद्यापीठाच्या पानावर जाऊन बघा, ते लोक त्या जर्नलचा उल्लेख तरी करतात का. मी हे पाच मिनिटांचं काम नंतर केलं. चारपैकी एकानेही केलेला नव्हता.

बाकी टॅमबिम मला कळत नाही. जाणकार सांगतील.


दुसरा_समीक्षक:

नाव गमतीने घेतलंय, पण काम तेच करतो. तुमच्यासारखे पेपर माझ्याकडे दर वर्षी येतात, दारातून आत आले तर. राग मानू नका, स्पष्टच लिहितो.

त्या तिसऱ्या संपादकांनी तुमच्यावर उपकार केलेत. उपयुक्त वाटलं की माणूस वापरायला तयार होतो, हे कळून तीन दशकं उलटून गेली. २००३ मध्ये वेंकटेश आणि सहकाऱ्यांनी तोवरची आठ प्रारूपं एकत्र करून यूटॉट हे एकच प्रारूप मांडलं. २००७ मध्ये बेनबासाट आणि बार्की यांनी तर लिहूनच टाकलं की टॅमवरच्या या ढीगभर कामामुळे ज्ञान पुढे सरकल्याचा नुसता भास होतो आहे. तेव्हा 'टॅम अधिक दोन घटक' दिसलं की संपादकाचा हात आपसूक परतीच्या बटणाकडे जातो. टॅम अधिक चार घटक आणि ४०० चा नमुना केलात तर चौथी परतपाठवणी होईल. गाइडना हे कोणत्या भाषेत सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.

दुसरं. ही प्रणाली तिथे सक्तीची असणार. मग 'ही प्रणाली वापरण्याचा माझा मानस आहे' या विधानापुढे परिचारिकेने खूण कशावर करायची? तिला कोणी विचारलंय का? शिवाय उपयुक्तता आणि वापर या दोन्हींबद्दल एकाच बाईला, एकाच बैठकीत, एकाच कागदावर विचारलंत. उत्तरं एकमेकांशी जुळणारच. हरमनच्या चाचणीआड लपू नका. पॉडसाकॉफ आणि सहकाऱ्यांचा २००३ चा लेख सगळे उद्धृत करतात, पण ती चाचणी किती तोकडी आहे हे त्याच लेखात लिहिलेलं आहे, तेवढं कोणी वाचत नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. तुमच्या पोस्टमधलं 'लॉग टाकून दिले' हे वाक्य मी तीनदा वाचलं. अहो, पेपर तिथे होता!

परिचारिका सांगतात, आम्ही प्रणाली वापरतो. लॉग सांगतो, पाळी संपताना कुणीतरी एकाच नावाने सगळं भरतं. दोघंही खोटं बोलत नाहीत. मग 'वापर' कशाला म्हणायचं? सकाळी नऊला दिलेलं औषध दुपारी पावणेदोनपर्यंत राहतं कुठे? कुणाच्या डोक्यात? तळहातावर? चिठ्ठीवर? ते पावणेदोनला संगणकात जातं तेव्हा त्यातलं काय गळतं, काय बदलतं? हा प्रश्न डेव्हिसचा नाही. बर्टन-जोन्स आणि स्ट्रॉब यांनी २००६ मध्ये 'वापर' ही कल्पनाच नव्याने तपासून पाहिली, तिथून सुरुवात करा. मग २००५ चा बुड्रो आणि रोबी यांचा लेख, नवी ईआरपी (संस्थेचा सगळा कारभार एकत्र चालवणारी संगणक प्रणाली) आल्यावर लोकांनी आधी ती टाळली आणि मग आपल्या सोयीने वळवून घेतली, त्याबद्दलचा. पळवाटांवर, म्हणजे प्रणालीला वळसा घालून काम उरकण्यावर, अल्टर यांचा २०१४ चा सिद्धान्त आहे. हे तीन वाचून झाले की तुमच्या 'निरुपयोगी' लॉगकडे परत बघा.

आणि एक पाळीभर त्या काउंटरशी उभ्या राहा. प्रश्नावली घरी ठेवून.

(माझा स्वतःचा पहिला पेपरही असाच होता. बँकेतले कर्मचारी, टॅम, अधिक एक घटक. तो कधीच छापून आला नाही आणि आता वाचला की बरंच वाटतं.)


संख्यावाचक:

वरच्यांशी बरंच पटतं, पण २१४ प्रश्नावल्या केराच्या टोपलीत टाकायला लावू नका. एवढी माणसं भरून देतात त्यामागे कुणाची तरी सहा महिने पायपीट असते. सामायिक लॉगिनचे वॉर्ड आणि स्वतंत्र लॉगिनचे वॉर्ड असे भाग पाडता येतात का बघा. लोक म्हणतात ते आणि लॉग दाखवतो ते यांतलं अंतर दोन्हीकडे सारखंच आहे का? तसं असेल तर प्रश्नावली मुख्य पुरावा म्हणून नाही, दुसरी बाजू म्हणून उपयोगी पडेल.

पीएलएस का निवडलं, याला 'नमुना लहान होता' हे उत्तर देऊ नका. २०१३ नंतर त्यावरून बरीच वादावादी झाली आहे.

आणि गाइडना कळवा की बास्केट आठांची राहिलेली नाही. २०२३ मध्ये तीन जर्नलं वाढून ती यादी अकरांची झाली. एवढ्याने तरी खूश होतील.


कलम_सात:

काउंटरशी उभ्या राहा म्हणणं सोपं आहे. तुमच्याकडे मंजुरी कशाची आहे? निनावी प्रश्नावलीची ना? मग वॉर्डात उभं राहून निरीक्षण करणं तिच्यात बसत नाही. नीतिमत्ता समितीकडे सुधारित अर्ज आधी, पाय टाकायचा तो नंतर. मागून घेतलेली परवानगी चालत नाही.

दुसरं, तो चिकटवलेला पासवर्ड. पेपरमध्ये जसाच्या तसा आणलात तर रुग्णालयातला कुणीही वॉर्ड ओळखेल, आणि बोलणी बसतील ती परिचारिकांना, प्रणाली विकणाऱ्याला नाही. वॉर्डाचं नाव, खाटांची संख्या, पाळीच्या वेळा बदला, आणि बदलल्या आहेत हे पेपरमध्ये सांगा. कुठल्याही चिठ्ठीचा किंवा वहीचा फोटो काढू नका, त्यावर रुग्णांची नावं असतात.


अर्धा_प्रबंध:

सगळ्यांचे आभार. त्या मेलना फिल्टर लावून टाकला.

गाइडना बुड्रो-रोबी वाचायला दिला आहे. पहिली प्रतिक्रिया: 'ही गोष्ट झाली, संशोधन नाही.' समितीचा अर्ज मात्र त्यांनी सही करून पुढे पाठवला. कळवते.


अर्धा_प्रबंध (पाच आठवड्यांनी):

मंजुरी मिळाली. दोन पाळ्या उभी राहिले. पहिल्या दिवशी मला वाटत होतं की परिचारिका मला बघून सावध होतील. त्यांना माझ्याकडे बघायला वेळच नव्हता.

वही आहे. काउंटरच्या खणात, निळ्या पुठ्ठ्याची, पेन्सिलने रकाने आखलेली. खाट, औषध, वेळ आणि चौथ्या रकान्यावर नुसतं 'का' लिहिलेलं. प्रणालीत औषध न देण्याची ठरावीक चार कारणं आहेत, यादीतून निवडायची. वहीत असं काही: 'झोप लागली होती, उठवलं नाही, अकराला दिलं.' 'उलटी झाली, डॉक्टरांना विचारून अर्धी गोळी.' 'मुलगी येईपर्यंत घ्यायला तयार नव्हते.'

आणि वेळेचं कोडंही सुटलं. नोंद करण्याची वेळ हीच औषध दिल्याची वेळ असं संगणक धरतो. ती बदलायला मुख्य परिचारिकेची परवानगी लागते, म्हणून कुणी बदलत नाही. नऊचं औषध संगणकात १:४८ ला दिलेलं दिसतं. हे सगळ्यांना माहीत आहे. सकाळच्या फेरीला डॉक्टर येतात, संगणकासमोरून जातात आणि वही मागतात.

हे मी दीड वर्षापूर्वी त्याच वॉर्डात गेले तेव्हाही असणारच. तेव्हा मी खणाशेजारच्या खुर्चीत बसून प्रश्नावल्या मोजत होते.

गाइड दोन दिवस गप्प होते. मग म्हणाले, चार पानांचा मसुदा दे. आता प्रश्न असा, थेट जर्नलसाठी लिहू की आधी परिषदेला?


दुसरा_समीक्षक:

परिषदेला, पण पूर्ण पेपर नको. आयसीआयएस ही आपल्या विषयाची आंतरराष्ट्रीय परिषद डिसेंबरमध्ये असते आणि तिथे शॉर्ट पेपरचा वेगळा प्रकार आहे, अपुऱ्या कामासाठीच. छापून आलं तर बरंच, नाही तरी तीन-चार जाणकारांचे शेरे फुकट मिळतात, आणि जर्नलच्या एका फेरीला कित्येक महिने जातात हे लक्षात घेतलं तर ते फार स्वस्त पडतं. पुढे जर्नलला वाढवून द्याल तेव्हा परिषदेतल्या आवृत्तीचा उल्लेख संपादकांना आधीच करा. लपवलेलं सापडतंच.

प्रत्यक्ष जागी जाऊन केलेल्या अर्थान्वयी अभ्यासांसाठीची क्लाइन आणि मायर्स यांची १९९९ ची सात तत्त्वं पद्धतीच्या भागात नुसती टाकू नका, एकेक वापरून दाखवा. बहुतेक जण यादी देतात आणि विसरतात. शीर्षकात 'स्वीकार' हा शब्द दिसला तर मी स्वतः परत पाठवीन. चौथा रकाना पहिल्याच पानावर येऊ द्या.

एक विचारायचं राहिलं. दोन पाळ्यांत त्या रकान्यात किती नोंदी झाल्या? मोजल्यात का?


अर्धा_प्रबंध:

मोजल्या. एकतीस. प्रणालीत त्यांपैकी सव्वीस 'इतर' या एका पर्यायाखाली गेल्या आहेत, पाच गेल्याच नाहीत.