मदत हवी आहे: मोटरहोमच्या छपरावर चिकटवलेले जुने ब्रॅकेट कसे काढावेत?

नमस्कार मंडळी,

आमच्या मोटरहोमच्या छपरावर आधीच्या मालकाने सोलर पॅनेलसाठी प्लास्टिकचे 4 कोपरे आणि डिश अँटेनाचा पाया चिकटवला होता. पॅनेल निकामी झालं म्हणून काढलं, पण हे सगळं तसंच राहिलंय. छप्पर फायबरग्लासचं, वर जेलकोट (म्हणजे रेझिनचा गुळगुळीत संरक्षक थर). स्क्रू एकही नाही, सगळी भिस्त पॉलियुरेथेन सीलंटवर, म्हणजे फटी बुजवणाऱ्या रबरासारख्या चिकट पदार्थावर. तो एकदा पक्का झाला की साध्या सॉल्व्हंटला दाद देत नाही.

एका कोपऱ्यावर प्रयत्न केला. कडेचा सीलंट पातळ पात्याने कापला, हीट गन लांबून फिरवत थोडी ऊब दिली आणि प्लास्टिकची पट्टी सरकवली. जेमतेम बोटभर आत गेली. जोर लावून उचकटायचा धीर होत नाही. जेलकोटचा टवका उडाला आणि पाणी आत झिरपलं तर खालची लाकडी चौकट कुजेल, आणि ते वरून कळणारही नाही. याचीच मला खरी धास्ती आहे.

गाडीची काच काढताना वापरतात तशी पीळ दिलेली तार दोन्ही हातांनी पुढेमागे ओढून कोणी असे कोपरे कापलेत का? की मल्टीटूलचं (थरथरत कापणाऱ्या विजेच्या हत्याराचं) पातं बरं? पाया रुंद आहे, तिथे तार मध्येच अडकेल असं वाटतं. शिवाय त्याच्याखाली केबलचं भोक आहे. ते नुसत्या सीलंटने बुजवावं की वरून फायबरग्लासचं ठिगळ लावावं?

उरलेला थर खरवडायचा उपायही सांगा. स्वतः केलेल्यांचा अनुभव हवा आहे.