एकच हार्ड डिस्क विंडोज, मॅक आणि लिनक्सवर कशी चालवता? अनुभव लिहा

मंडळी, एकीकडे विंडोज, दुसरीकडे मॅक, तिसरीकडे लिनक्स अशी सरमिसळ आता नेहमीची झाली आहे. डिस्क मात्र एकच हवी असते. ती एका ठिकाणी नीट चालते, दुसरीकडे नुसती वाचता येते, आणि तिसरीकडे ‘फॉरमॅट करा’ असा संदेश येतो. डिस्क रिकामी असतानाच तिचा फॉरमॅट, म्हणजे फायली साठवण्याची पद्धत, ठरवावा, असं माझं ठाम मत आहे. एनटीएफएस या विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटवरून एक्सफॅट या तिन्हीकडे चालणाऱ्या फॉरमॅटवर जायचं तर डेटा जागच्या जागी ठेवून रूपांतर करायची सोय विंडोजमध्ये नाही. सगळं दुसरीकडे हलवावंच लागतं. तुम्ही काय निवडलंत, का निवडलंत आणि पुढे काय झालं, ते सविस्तर लिहा.

* * *

मी व्हिडिओ एडिटिंग करते. चित्रीकरण करणारे विंडोजवर, मी मॅकवर. त्यांच्याकडून एनटीएफएसची डिस्क आली की फायली दिसतात, कॉपी होतात, पण मॅकवर वेगळं सॉफ्टवेअर घातल्याशिवाय तिच्यावर काही लिहिता येत नाही. फॅट३२ सगळीकडे चालतो, पण त्यात एक फाइल ४ जीबीच्या आतच असावी लागते. आमचं एकेक फुटेज त्याच्या कितीतरी पुढे जातं. म्हणून एक्सफॅट. मॅकवर तो २०१० पासून, म्हणजे १०.६.५ या आवृत्तीपासून, लिहिता-वाचता येतो. आता डिस्क पाठवायच्या आधीच मी सगळ्यांना हे कळवते.

* * *

एक्सफॅट मीही वापरतो, पण एक सांगायलाच हवं. त्याला जर्नल, म्हणजे चालू बदलांची नोंदवही, नाही. लिहिणं चालू असताना केबल निघाली तर एनटीएफएस किंवा लिनक्सचा एक्स्ट४ फॉरमॅट स्वतःला बऱ्यापैकी सावरतात, एक्सफॅटला तो आधार नाही. माझ्या एका मित्राची डिस्क अशीच निघाली आणि एक अख्खा फोल्डर रिकामा दिसू लागला. तपासणी चालवल्यावर काही भाग तुकड्यांत सापडले, नावं गेली ती गेलीच. एक्सफॅट ने-आण करण्यासाठी आहे. एकुलती एक प्रत त्यावर ठेवू नका, आणि इजेक्ट केल्याशिवाय हात लावू नका.

* * *

लिनक्सवाल्यांसाठी: एक्सफॅटचं विवरण २०१९ मध्ये खुलं झालं आणि कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, ५.७ या आवृत्तीपासून त्याचा चांगला ड्रायव्हर (तो फॉरमॅट हाताळणारा प्रोग्राम) आहे. एनटीएफएससाठीही ५.१५ पासून नवा ड्रायव्हर आहे. तरी एनटीएफएसची डिस्क अचानक ‘फक्त वाचा’ अशी उघडली, तर विंडोजचं फास्ट स्टार्टअप तपासा. ते चालू असेल तर शट डाऊन पूर्ण होत नाही, आणि लिनक्स त्या डिस्कवर लिहायला नकार देतं. ते योग्यच आहे. विंडोजमध्ये जाऊन रीस्टार्ट करा किंवा फास्ट स्टार्टअप बंदच ठेवा.

* * *

माझा अनुभव मराठी फाइलनावांचा आहे आणि तो कुठे लिहिलेला मला सापडला नव्हता. आम्ही ध्वनिमुद्रणांना मराठीत नावं देतो. लिनक्सवर विंडोजकडून आलेल्या प्रती आधीच होत्या. जुन्या मॅकच्या एचएफएस प्लस (मॅकचा जुना फॉरमॅट) डिस्कवरून आरसिंक या कॉपी करणाऱ्या प्रोग्रामने त्याच फायली घेतल्या, तेव्हा एकाच फोल्डरात अगदी सारख्या नावाच्या दोन-दोन फायली दिसू लागल्या. सगळ्याच नव्हे, काहीच. त्या नावांत ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ असे शब्द होते. युनिकोड या संगणकातल्या अक्षरांच्या मानकात ऱ हे एक स्वतंत्र अक्षर आहे, आणि साधा र अधिक नुक्ता (खालचा टिंब) अशा दोन चिन्हांनीही तेच लिहिता येतं. एचएफएस प्लस नाव साठवताना त्याची अशी फोड करतं. लिनक्स जसं मिळालं तसं ठेवतं. आपल्याला दोन्ही सारखीच दिसतात, संगणकाला ती वेगळी नावं. मॅकवरून आरसिंक चालवताना आयकॉन्व्ह या नावांची अक्षरं बदलून घेणाऱ्या पर्यायात ‘यूटीएफ-८-मॅक’ दिल्यावर हे थांबलं. मराठी नावं सोडू नका, प्रती घेतल्यावर ऱ असलेल्या फायली तेवढ्या तपासा.

* * *

वरच्यात एक भर: नावात प्रश्नचिन्ह किंवा विसर्गासारखं दिसणारं कोलन असेल तर विंडोज ते घेत नाही. लिनक्सवर नाव देतानाच टाळा.

* * *

मी प्रोग्रामर आहे. मोठ्या डिस्कवर विंडोज एक्सफॅटचा क्लस्टर, म्हणजे फाइलला मिळणारा जागेचा सर्वांत लहान तुकडा, आपणहून १२८ केबी ठेवतं, म्हणजे २ केबीची फाइलही १२८ केबी जागा अडवते. लाखभर छोट्या फायली असतील तर १२ जीबीच्या वर जागा जाते. शिवाय लिनक्सच्या परवानग्या आणि सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारे दुवे) त्यावर टिकत नाहीत. मी प्रकल्पाचं एकच टार संग्रहण (सगळ्या फायली एकत्र असलेली एक फाइल) करून मग ते डिस्कवर टाकते. दोन्ही प्रश्न सुटतात.

* * *

मॅकच्या टाइम मशीन या बॅकअपच्या सोयीला एक्सफॅट चालत नाही. मी डिस्कचे दोन भाग केले आहेत: एक एपीएफएस (मॅकचा नवा फॉरमॅट), बॅकअपसाठी, आणि एक एक्सफॅट, देवाणघेवाणीसाठी. डिस्कच बिघडली तर दोन्ही भाग जातील, म्हणून महत्त्वाच्या गोष्टींची आणखी एक प्रत वेगळ्या डिस्कवर आहे. आणि ‘फॉरमॅट करा’ किंवा ‘इनिशलाइझ’ असं विचारलं गेलं तर आधी रद्द करा. ज्या संगणकावर डिस्क भरली होती तिथे लावून पाहा.