सेंद्रिय काजूची निर्यात : व्हिएतनामपुढे आपल्याला वाव कोठे आहे?

खाडीकाठ (वाशी) :
येथील मसाला मार्केटमध्ये सेंद्रिय काजूगराच्या निर्यातीची चर्चा वाढली आहे, म्हणून मत मांडतो. साध्या काजूगरात व्हिएतनामशी भावात झुंजण्यात अर्थ नाही. 2006 च्या सुमारास त्या देशाने आपल्याला मागे टाकले आणि यंत्रांवर बी फोडून तो जगभर माल पुरवतो. परंतु तोही आपल्यासारखीच आफ्रिकेतून बी आणतो, आणि सेंद्रिय मालाचा कागद (प्रमाणपत्राची नोंद) थेट बागेपासून सुरू होत असल्याने कोठलीही बी त्यात मिसळता येत नाही. सिंधुदुर्ग-रत्नागिरीतील कित्येक बागांना रासायनिक खत दाखवलेलेही नाही, वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकन आहे आणि न्हावा शेवा बंदर आपल्या दारात आहे. एवढे असताना हा व्यापार आपण का सोडावा?

घोडबंदरकर (ठाणे) :
खत न दाखवलेली बाग आपोआप सेंद्रिय ठरत नाही. 2001 पासूनच्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमात बहुवर्षायू पिकांसाठी साधारण तीन वर्षांचा रूपांतरणकाळ (साधी बाग सेंद्रिय ठरेपर्यंतचा काळ) आहे. त्या काळात तपासणीचा खर्च चालू राहतो आणि माल मात्र साध्या भावानेच विकावा लागतो. अमेरिकेने 2021 मध्ये आपल्या सेंद्रिय प्रमाणन यंत्रणेची मान्यता काढून घेतल्यामुळे तिथल्या नियमांनुसार वेगळे प्रमाणपत्र काढावे लागते, तर युरोपात 2022 पासून लागू झालेल्या नियमानुसार शेतकऱ्यांच्या गटाला कायदेशीर संस्था व्हावे लागते. शिवाय बुर्किना फासोसारखे देश सेंद्रिय काजूगर युरोपात आधीच पाठवत आहेत. मोहोरावर ढेकण्या (रस शोषणारा किडा) आला की रासायनिक फवारणी न करता पीक कसे राखावे, हे कोणी सांगेल काय?

तुर्भेकर :
माझा संबंध पॅकिंगशी आहे, त्यामुळे तेवढ्यापुरतेच लिहितो. साध्या मालाला कीड लागू नये म्हणून धुरीची गोळी चालते. सेंद्रिय मालाला ती चालत नाही. 22.68 किलोच्या खोक्यात 11.34 किलोच्या दोन पिशव्या असतात, त्यांतील हवा काढून कार्बन डायऑक्साइड किंवा नायट्रोजन भरावा लागतो, आणि एखादी सील ढिली राहिली तरी वाटेत माल खराब होऊ शकतो. यंत्रांच्या एकाच ओळीवर साधा व सेंद्रिय असे दोन्ही माल चालवणाऱ्यांनी यंत्रे धुऊन त्याची नोंद ठेवावी लागते. (ही नोंदवही लिहायला कोणालाच आवडत नाही.) माझ्या मते वाव अख्ख्या गरात कमी आणि पाकळी-तुकड्यात अधिक आहे, कारण काजू बटर व न्याहारीचे पदार्थ बनवणाऱ्या परदेशी कारखान्यांना अख्खा दाणा लागतच नाही, आणि अख्ख्यासाठी आपल्याकडील मिठाईवाले व घरगुती गिऱ्हाईक चांगला भाव देतातच.

खाडीकाठ (वाशी) :
तुर्भेकरांचा मुद्दा पटला. मी अख्ख्या गराच्याच हिशेबाने लिहीत होतो. घोडबंदरकर, बागेत पूर्वी काही वापरलेले नाही असा पुरावा असेल तर रूपांतरणाचा काळ कमी करता येतो, हे आपण वगळले. ढेकण्यावर मात्र माझ्याकडे उत्तर नाही; दापोलीच्या कृषी विद्यापीठाने या प्रश्नात अधिक लक्ष घालायला हवे.

घोडबंदरकर (ठाणे) :
पुरावा आणणार कोठून? सातबाऱ्यावर पीक दिसते, फवारणी दिसत नाही. मागची चार वर्षे कोणी डायरी लिहिलेली नाही, आणि ती आजपासून लिहायला लावायची तर दर महिन्याला वाडीवाडीत जाणारा माणूस नेमावा लागेल. त्याचा पगार निर्यातदार देणार की गट, एवढे आधी ठरवा.