जपानी शब्द लक्षात राहत नाहीत

प्रश्न (वेंगुर्ला): डिसेंबरला जेएलपीटी (जपानी भाषेची परीक्षा) एन-५, म्हणजे सर्वात सोपी पातळी, द्यायचीय. हिरागाना लिपीची ४६ अक्षरं बसली, पण शब्द लगेच उडतात. इथे क्लास नाही. काय करू?

उत्तर (देवगड): ताई, सुट्टे शब्द घोकू नका, वाक्यं घ्या. जपानीत क्रियापद मराठीसारखंच शेवटी येतं, प्रत्यय नामामागून लागतात. इंग्रजीतून शिकलात तर ही सोय हातची जाते. मी आंब्याच्या पेट्या भरताना कानात धडा लावते नि वाक्य मोठ्याने म्हणते. बायका बघतात, बघू देत! रात्री वही मिटून आठवेल ते लिहायचं. अडलेलं उद्या पुन्हा, मग आठवड्याने.

उत्तर (मालवण): अगदी. जपान फाउंडेशनच्या साइटवर ऑडिओसकट धडे फुकट आहेत. काताकाना ही दुसरी लिपीही लगेच घ्या, परीक्षेत लागतेच.

प्रश्नकर्ती: आजच डाउनलोड करते. आभार!