पॉइंट टू टू रायफल : काडतूस भरल्यावरच बोल्ट जड जातो. दोष चेंबरचा की गोळ्यांचा?

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापूरचा, उद्यमनगरात लेथ-मिलिंगचं छोटं वर्कशॉप आहे. प्रश्न लेकीच्या रायफलचा आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकलं आणि हिने एअर रायफल सोडून पॉइंट टू टू चा (०.२२ इंची काडतुसाच्या रायफलचा) ध्यास घेतला. सध्या प्रोन, म्हणजे पोटावर झोपून मारायचा प्रकार, मारते. रायफल क्लबची, जुनी, सिंगल शॉट, मॅच चेंबरची, म्हणजे काडतूस बसतं ती जागा स्पर्धेसाठी मुद्दाम घट्ट ठेवलेली.

अडचण अशी आहे. काडतूस नसताना बोल्ट (मागून चेंबर बंद करणारा दांडा) एका बोटाने बंद होतो. काडतूस घातलं की हँडल खाली आणताना शेवटी अडतं, अंगठ्याने रेटावं लागतं. पहिल्या वीस-पंचवीस शॉटला त्रास कमी, पुढे वाढत जातो. ५० मिनिटांत ६० शॉट मारायचे. प्रोनमध्ये कोपरं एकदा टेकली की हलता कामा नयेत, पण जोर लावला की खांद्यातला बट सरकतो, डाव्या दंडावरचा स्लिंग (रायफलचा पट्टा) ओढला जातो आणि नेम पहिल्यापासून जुळवायला लागतो. टार्गेटवरचं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं. मागच्या मॅचला चाळिसाव्या शॉटनंतर तिची बोटं थरथरताना मी मागून बघत होतो. घरी येताना गाडीवर एक शब्द बोलली नाही.

परवा रेंजवर सरांच्या समोरच भरलेलं काडतूस न मारता बाहेर काढून भिंगाखाली धरलं. शिशावर रायफलिंगचे (नळीच्या आतल्या पिळदार खाचांचे) बारीक काप सगळ्या बाजूंनी सारखे उमटलेले. वरचं मेण खरवडून त्याची चंद्रकोरीसारखी कड पितळी पुंगळीच्या तोंडाशी गोळा झालेली. दुसरं काडतूस काढलं तेव्हा शिसं आतच अडकलं, नुसती पुंगळी बाहेर आली आणि बारूद ॲक्शनमध्ये सांडली. सरांनी तिथेच सराव थांबवला, बोल्ट काढला, क्लीनिंग रॉडने शिसं बाहेर काढलं. नळीतून उजेड आरपार दिसल्यावरच रायफल परत हातात दिली.

माझा धंदाच फिटचा, त्यामुळे एवढं कळतं की मॅच चेंबरमध्ये गोळीचं शिसं रायफलिंगला टेकावं अशीच रचना असते. या काडतुसात गोळी आणि पुंगळी बाहेरून जवळपास एकाच व्यासाची, गोळीची फक्त टाच बारीक करून आत बसवलेली. म्हणजे शिसं, मेण, पितळ सगळंच चेंबरला लागणार. रिमसाठी, म्हणजे पुंगळीच्या बुडाच्या कडेसाठी, जागा साधारण १.०९ मिमी, रिम चार-पाच शतांश जाड निघाली तरी बोल्ट अडणार. पण ‘घट्ट’ कुठे संपतं आणि ‘चुकीचं’ कुठे सुरू होतं, ते या बाबतीत मला कळत नाही.

ओळखीच्या एकाने सुचवलं, ‘चेंबरमध्ये रीमर (भोक मोठं करायचं हत्यार) फिरवून थोडं मोकळं कर, तुला काय अवघड आहे?’ ते मी करणार नाही. रायफल क्लबची, परवान्याशिवाय तिचं काम करणं बेकायदा, आणि चेंबरमधून एकदा काढलेलं मटेरियल परत लावता येत नाही.

मग आधी गोळ्या बदलाव्यात का? ईलीच्या टेनेक्सचं टोक चपटं, लापुआ सेंटर-एक्सचं गोल. एवढ्याने बोल्ट हलका होतो का? की आधी रायफल परवानाधारक गनस्मिथला दाखवावी? गोळ्या महाग आहेत, अंदाजाने पेट्या घेणं परवडणार नाही.

प्रतिसाद

दादा, रीमरला नाही म्हणालात ते फार बरं केलंत. मी बरीच वर्षं प्रोन मारलंय, तेवढ्यावरून सांगते.

तुमच्याकडे दोन दुखणी एकत्र आहेत. पहिल्या शॉटपासून असलेला घट्टपणा गोळी आणि चेंबरच्या मापाचा. शॉटगणिक वाढणारा घट्टपणा मात्र मळाचा असतो. पुंगळीचं तोंड चेंबरमध्ये जिथे संपतं, बरोबर तिथे जळलेला मसाला, मेण आणि शिसं मिळून एक टणक कडी धरते. सफाईचा कापडी पॅच तिच्यावरून नुसता घसरतो आणि पांढरा बाहेर येतो, म्हणून आपल्याला वाटतं रायफल स्वच्छ आहे. ब्राँझ ब्रशला सॉल्व्हंट लावून तेवढ्याच भागात दहा मिनिटं भिजू द्या, मग ब्रश हाताने गोल फिरवा. भिंगातून कडी गेलेली दिसेपर्यंत करा.

त्यानंतर एका काडतुसाला मार्करने पूर्ण काळं करा. सरांसमोर, नळी टार्गेटकडे ठेवून, बोल्ट सावकाश बंद करा आणि काडतूस काढा. शाई रिमवरून गेली तर रिम जाड. शिशावरून चारी बाजूंनी सारखी गेली तर गोळी चेंबरला लांब पडते. पुंगळीवर उभी रेघ आली तर चेंबरच्या कडेला बर, म्हणजे धातूचा उचललेला काठ, आहे. रिकामी रायफल मारून मारून फायरिंग पिनने ती कड ठोकली जाते. तसं असलं तरच गनस्मिथ.

टोक चपटं की गोल यापेक्षा गोळीचा पूर्ण व्यास कुठून सुरू होतो ते महत्त्वाचं, आणि ते टोकाकडे बघून कळत नाही. वेगवेगळ्या लॉटचं (कारखान्यातल्या खेपेचं) एकेक पाकीट मागून याच रायफलवर ग्रुप मारून, म्हणजे लागोपाठच्या शॉटचा पुंजका किती जवळ पडतो ते, बघा. बोल्ट हलका आणि ग्रुप पसरलेला, असंही होतं. हाय व्हेलॉसिटी गोळ्यांच्या नादाला मात्र लागू नका.

बोल्टला तळव्याने ठोसा मारायचा नाही, हे लेकीला बजावा. या काडतुसाचा प्रायमर, म्हणजे ठोक्याने पेटणारा मसाला, रिममध्येच असतो.

धागाकर्ता

ताई, मनापासून आभार. रविवारी सरांनी आणि मी मिळून चेंबर साफ केलं. कडी खरंच होती, ब्रशवर राखाडी खपल्या आल्या. मार्करची शाई शिशावरून गोल गेली, रिमवर जशीच्या तशी, पुंगळीवर रेघ नाही. साठ शॉट मारून झाले आणि शेवटचा बोल्ट पहिल्याइतकाच लागला. अजून घट्ट आहे, पण वाढत नाही. तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि अंगठा दाखवला.

आता तीन वेगळ्या लॉटची पाकिटं मिळवतोय. एक विचारायचं राहिलं: लॉट बदलताना मधे नळी साफ करायची, की नव्या लॉटचे दहा-पंधरा शॉट आधी मारून मगच ग्रुप मोजायचा?