ब्रेट विरुद्ध ऑस्टिन विसरू नका

डब्ल्यूडब्ल्यूएफच्या (आताचं डब्ल्यूडब्ल्यूई) शो-कुस्तीत ब्रेट हार्ट आणि शॉन मायकल्स हेच सगळ्यात मोठं वैर, असं म्हटलं जातं ते मला पटत नाही. १९९६ ची त्यांची आयर्न मॅन मॅच (ठरलेल्या वेळेत जास्त फॉल, म्हणजे प्रतिस्पर्ध्यावर मात, मिळवणारा जिंकतो) मोठीच, पण पूर्ण ६० मिनिटांत एकही फॉल नाही. मला ती मधे मधे रेंगाळलेली वाटते.

ब्रेटचा खरा कस स्टीव्ह ऑस्टिनसमोर लागला. रेसलमेनिया १३ (कंपनीचा वर्षातला सगळ्यात मोठा शो), मार्च १९९७, शिकागोजवळ. ऑस्टिन शार्पशूटरमध्ये, म्हणजे ब्रेटच्या पाय मुडपून धरणाऱ्या पकडीत, अडकलेला, कपाळावरचं रक्त ओघळून दातांपर्यंत आलेलं, तोंड वासून ओरडतोय, पण हार मानत नाही. शेवटी शुद्ध हरपली तेव्हा रेफरी केन शॅमरॉकने मॅच थांबवली. ब्रेट जिंकला आणि लोकांच्या मनातून उतरला. ऑस्टिन हरून हिरो झाला. नायक-खलनायकाची अदलाबदल एकाच मॅचमध्ये, तीही इतकी पटेल अशी, मी दुसरी पाहिलेली नाही. आणि त्याआधीची १९९६ ची या दोघांची सर्व्हायव्हर सिरीज या शोमधली मॅच जरूर बघा. ऑस्टिनने मागून गळा आवळलेला असताना ब्रेट रिंगच्या कोपऱ्यातल्या टर्नबकलवर (दोर बांधलेल्या गादीवर) पाय रेटून मागे उलटतो आणि त्याच पकडीत त्याला पिन करतो, म्हणजे खांदे जमिनीला टेकवून हरवतो. किती बेल्ट जिंकले यावरून कुस्तीगीर मोजणाऱ्यांनी ते पाच सेकंद पुन्हा पुन्हा बघावेत.