मदत हवी आहे: बाहेरून येणारे मेल कालपासून परत जाताहेत (तातडीचे)

रात्रपाळी
कंपनीचा मेल सर्व्हर मी एकटा बघतो. कालपासून दोन जुन्या पुरवठादारांचे मेल त्यांच्याकडे बाउन्स होताहेत. सकाळपासून फोनवर फोन. साहेब म्हणतात, सगळी तपासणी काढून टाक. मला ते करायचं नाही, ती नव्हती तेव्हा रोज कचऱ्याचा ढीग यायचा. नियमही पाळायचे आणि खरा मेलही अडवायचा नाही, हे कसं जमवता तुम्ही? काल मी काहीही बदललेलं नाही. जरा लवकर सांगा.

तारायंत्र
मेल सर्व्हरचा प्रोग्रॅम कोणता, पोस्टफिक्स की एक्झिम? लॉगमधली नकाराची ओळ जशीच्या तशी टाका. तोवर सगळेच अंदाज.

श्रीधर७
एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरंच आपल्याच नावाचा आहे हे पटवणाऱ्या सोयी) तिन्ही लावून टाका. फेब्रुवारी २०२४ पासून दिवसाला ५००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना जीमेल तिन्ही मागतं. आम्ही लावले आणि स्पॅममध्ये जाणं थांबलं.

रात्रपाळी
श्रीधर, आमचे जाणारे मेल नीट पोचतात. अडचण येणाऱ्यांची आहे. पोस्टफिक्स ३.९. एकाची ओळ: ‘४५० ४.७.२५ क्लायंट होस्ट रिजेक्टेड: कॅनॉट फाइंड युवर होस्टनेम’, म्हणजे पाठवणाऱ्या सर्व्हरचं नाव सापडत नाही. दुसऱ्याला ५५०, ‘बेअर एलएफ रिसीव्ह्ड’, म्हणजे ओळ सीआर-एलएफ या जोडखुणेऐवजी नुसत्या एलएफने संपवली.

काटेकोर
मग सर्व्हर बरोबरच वागतोय. पहिल्याचं डीएनएस (नाव आणि आयपी पत्ता यांची नोंदवही) चुकलंय, दुसऱ्याचा प्रोग्रॅम ओळीचा शेवट चुकीचा पाठवतोय. दुरुस्ती त्यांनी करायची. असं सैल सोडलं म्हणूनच डिसेंबर २०२३ मध्ये एसएमटीपी स्मगलिंग (एसएमटीपी म्हणजे मेल पाठवायची पद्धत) उघडकीला आलं. मेल कुठे संपतो हे पाठवणारा सर्व्हर एक वाचतो, घेणारा दुसरंच, आणि मधल्या फटीतून दुसऱ्याच्या नावाचा खोटा मेल आत.

केतकी_म
‘पाठवताना काटेकोर, घेताना उदार’ हे इंटरनेटचे सुरुवातीचे नियम लिहिणाऱ्या पोस्टेल यांनी १९८० मध्येच लिहून ठेवलंय. शिवाय पीटीआर (आयपीवरून नाव सांगणारी डीएनएस नोंद) जुळलाच पाहिजे असं आरएफसी ५३२१, म्हणजे एसएमटीपीचा नियमदस्तऐवज, कुठे म्हणतं? उलट हेलोमधलं (जोडणी होताच सर्व्हर स्वतःचं सांगतो ते) नाव आयपीशी जुळत नाही एवढ्यावरून मेल नाकारू नका, असं त्यात स्पष्ट आहे. तुम्ही ज्याला नियम म्हणता ती आपली सगळ्यांची सवय आहे.

काटेकोर
१९८० मध्ये स्पॅमचा असा पूर नव्हता, ताई. २०२३ च्या आरएफसी ९४१३ मध्ये या उदारपणाचे तोटे सविस्तर मांडलेत. चुका पोटात घालत गेलं की त्या कायमच्या होतात.

मोकळाश्वास
स्वतःचा सर्व्हर चालवताच कशाला? मी दोन वर्षांपूर्वी सोडला, मेल दुसऱ्यांकडे ठेवला. रात्री झोप लागते.

तारायंत्र
त्यांनी सर्व्हर सोडू का असं विचारलेलं नाही.
रात्रपाळी, ४५० म्हणजे ‘नंतर या’. समोरचा सर्व्हर मेल रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो आणि मुदत संपली की परत करतो. पोस्टफिक्समध्ये ही मुदत ठरावीक ५ दिवसांची. म्हणजे काल परत गेलेला मेल तुम्ही काल अडवलेला नाही. पाच-सहा दिवसांपूर्वी काय बदललंत?

रात्रपाळी
हो. गेल्या आठवड्यात दोन ओळी बदलल्या. ‘रिजेक्ट अननोन क्लायंट होस्टनेम’ घातलं आणि बेअर न्यूलाइनची (नुसत्या एलएफची) सेटिंग ‘नॉर्मलाइज’वरून ‘रिजेक्ट’वर नेली. दोन दिवस कुणाची तक्रार नाही, म्हणून ते डोक्यातूनच गेलं. पण ५५० म्हणजे कायमचा नकार, तो मेल तर लगेच परत जायला हवा होता ना?

तारायंत्र
त्या दुसऱ्या पुरवठादाराने मधल्या काळात काही पाठवलं होतं का?

रात्रपाळी
नाही. महिनाअखेरची बिलं त्यांच्या प्रोग्रॅमने कालच पाठवली. जुळलं.

तारायंत्र
पहिल्या ओळीत ‘रिव्हर्स होस्टनेम’ नाही, नुसतं ‘होस्टनेम’ आहे. म्हणजे कडक तपासणी लागली आहे: पीटीआर हवा, त्या नावाचा पत्ताही हवा आणि तो त्याच आयपीवर परत यायला हवा. सर्व्हर हलवल्यावर हे हमखास तुटतं. त्याजागी ‘रिजेक्ट अननोन रिव्हर्स क्लायंट होस्टनेम’ ठेवा, ते फक्त पीटीआर आहे का बघतं. कडक ओळ ठेवायचीच असेल तर तिच्या आधी ‘वॉर्न इफ रिजेक्ट’ लिहा. मेल आत येईल, कोण अडलं असतं ते लॉगमध्ये दिसेल.
बेअर न्यूलाइन पुन्हा ‘नॉर्मलाइज’वर न्या. त्यात ओळ नुसत्या एलएफने संपलेली चालते, पण मेलचा शेवट मात्र प्रमाणित खुणेनेच धरला जातो. काटेकोर सांगताहेत ती फट तिथेच बुजते.

काटेकोर
हे मान्य. ‘नॉर्मलाइज’मध्ये धोका उरत नाही. पण दोघांनाही चूक कळवा, नाहीतर पुढच्या कुणाच्या सर्व्हरवर पुन्हा हेच.

श्रीधर७
डीमार्क मात्र लावाच.

रात्रपाळी
बदललं, रीलोड केलं. पाऊण तासात पहिल्या पुरवठादाराच्या रांगेतले तीन मेल आले, गेल्या काही दिवसांत साठलेले. जो बाउन्स झाला तो पुन्हा पाठवायला सांगितलाय. पीटीआर तपासला: त्यांचं नाव अजून जुन्या आयपीकडे बोट दाखवतं. त्यांच्या माणसाला तेवढंच दोन ओळीत लिहून कळवलंय. बिलांच्या प्रोग्रॅमवाल्यांचा फोन लागत नाही, उद्या सकाळी पुन्हा करतो.